संहितेबाहेर काही नाही, मग बहात्तरचा दुष्काळ कुठं होता?

प्रश्न परभणीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. तत्त्वज्ञानात एम.ए. करतोय. थोडक्यात तो विचारतो: 'देरिदा म्हणतो संहितेबाहेर काहीच नाही. पुढं नव्या वास्तववाद्यांनी हे खोडून काढलं, असं नोट्समध्ये आहे. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. ती खडी संहिता होती का? नसेल, तर विरचनावाद अजून अभ्यासक्रमात कशाला ठेवलाय?'

आजोबांची खडी खरी होती आणि हाताला आलेले फोडही खरे होते. देरिदा हा फ्रेंच तत्त्वज्ञ, आणि मजकुराचा, म्हणजे संहितेचा, अर्थ कशावर उभा आहे हे तपासणारं त्याचं वाचन म्हणजे विरचना (डीकन्स्ट्रक्शन). त्यानं याच्या उलट कुठंही लिहिलेलं नाही. तुमच्या नोट्समध्ये जे वाक्य खोडलंय ते त्याचं नाहीच. ते त्याच्या वाक्याचं एक आखूड भाषांतर आहे, आणि गेली पन्नास वर्षं कुणी त्या भाषांतराच्या प्रेमात पडतं, तर कुणी त्याच्यावर तुटून पडतं. गंमत अशी की दोघांनाही मूळ पान उलटायची गरज वाटत नाही.

हे मी तोऱ्यानं सांगत नाही, कारण पहिली काही वर्षं मीही तेच शिकवलं. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'संहितेबाहेर काही नाही' लिहून मी वर्गाकडं वळलो होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, 'सर, आमच्या गावची पैसेवारी कागदावर साठ आली अन् रानात तर काहीच नाही. मग रान कुठं धरायचं? आत का बाहेर?' वर्ग हसला. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि तास संपायची वाट पाहिली. त्या पोराचा प्रश्न फूको या फ्रेंच विचारवंतानं देरिदावर घेतलेल्या आक्षेपाइतका तोलाचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

आधी वाक्याकडं येऊ. ते १९६७ च्या 'ऑफ ग्रामॅटॉलॉजी'त, अठराव्या शतकातल्या रूसो या विचारवंतावरच्या प्रकरणात येतं. फ्रेंचमध्ये त्यानं 'मजकुराबाहेर काही नाही' असं लिहिलेलं नाही, 'ऑर-तेक्स्त नाही' असं लिहिलंय. फ्रेंच छपाईच्या धंद्यात ऑर-तेक्स्त म्हणजे मजकुराच्या फर्म्यांपासून वेगळं, निराळ्या कागदावर छापून मग पुस्तकात चिकटवलेलं चित्रपान. जुन्या दिवाळी अंकांत मध्येच गुळगुळीत आर्ट पेपरवरचं रंगीत चित्र यायचं ना, तसं. अशा पानाला पृष्ठक्रमांक नसतो. ते अंकात असतं आणि अंकाच्या हिशेबात नसतं. वाक्याचा रोख असा, की असं एकही पान सापडत नाही जे स्वतः कुठल्याच हिशेबात न येता बाकीच्या सगळ्या पानांचा अर्थ एकदाचा ठरवून देईल. लेखकाचा हेतू, इतिहास, देव, निसर्ग, 'मी डोळ्यानं पाहिलंय' हा अनुभव, या सगळ्यांना त्या जागेवर बसवून झालंय. प्रत्येक वेळी दिसतं ते एवढंच, की तेही दुसऱ्या कशाकडं तरी बोट दाखवूनच बोलतात. १९८८ च्या 'लिमिटेड इंक'मध्ये त्यानं स्वतःच खुलासा केला: या वाक्याचा अर्थ 'संदर्भाबाहेर काही नाही' एवढाच.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या १९७६ च्या इंग्रजी भाषांतरात या ठिकाणी दोन पर्याय आहेत. एक सरळ वाचला जाणारा, दुसरा कंसात, मूळ फ्रेंचसकट. जगानं पहिला उचलला. कंस कोण वाचतो?

रूसोचं प्रकरण का, तेही पाहा. रूसोची आई त्याच्या जन्मानंतर लगेच गेली. पुढं त्याला आसरा देणाऱ्या मादाम द वारां यांना तो 'ममां', म्हणजे आई, म्हणतो. त्यांच्यापासून दुरावल्यावर तेरेझ ही त्याची जोडीदारीण आयुष्यात येते, आणि ती आपल्याला हवी असलेली पुरवणी होती, असं तो लिहितो. पुरवणी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. परीक्षेच्या हॉलमध्ये 'सर, पुरवणी' म्हणून हात वर होतो तीच ही. मूळ उत्तरपत्रिका पुरेशी असती तर पुरवणी लागलीच नसती. ती लागली याचा अर्थ मुळातच कमी पडत होतं. एकदा दोऱ्यानं बांधली की ती मुख्य पत्रिकेचाच भाग होते, आणि कित्येकदा खरं उत्तर पुरवणीतच असतं. मूळ आणि जोड यांची ही अदलाबदल रूसोच्या लेखनात पानोपानी चालते, बोलण्याला लेखनाची पुरवणी, निसर्गाला शिक्षणाची, आईला ममांची. हाडामांसाच्या माणसांच्या खऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या आयुष्यातसुद्धा अशी पुरवण्यांची साखळीच हाती लागते, असं देरिदा तिथंच म्हणतो. म्हणजे ते वाक्य आयुष्याबद्दल आहे. पुस्तकात तोंड खुपसून बसा, असा सल्ला त्यात कुठंही नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला खरं तर हे फार समजावून सांगायला लागू नये. १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांत विद्यापीठाच्या एका नावासाठी इथं घरं जळली, माणसं मेली. चळवळ नामांतराची होती आणि १४ जानेवारी १९९४ ला झाला तो नामविस्तार. मूळ नाव तसंच ठेवून त्याला जोड दिली. ही जोड नुसती जोड होती, की तिनं मूळ नावाचा अर्थच बदलला, यावर अजूनही कुणाशी बोलून बघा. कमानीवरचे ते शब्द 'नुसते शब्द' होते असं म्हणायची हिंमत कुणी करणार नाही.

आता मागच्या बाकावरच्या पोराला उशिरानं उत्तर देतो. पैसेवारी काढतात कशी? गावातली काही शिवारं निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापणी प्रयोग करायचा, आलेलं उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं आणि ते रुपयातल्या पैशांत सांगायचं. आकडा पन्नासच्या आत आला तर टंचाई मानली जाते, मग महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. शिवाय आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, असा तीनदा हिशेब. दुष्काळ तोच, वाचन तीन. कागद एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करून आपण फसतो. कापणीसाठी निवडलेला तुकडा रानातलाच असतो, पण तो 'सगळ्या गावाच्या वतीनं' उभा असतो. म्हणजे रानात दोरी लावली तिथंच लिहिणं सुरू झालं. आणि 'रानात काहीच नाही' असं ते पोरगं म्हणालं तेव्हा तोही वाचतच होता. गेल्या सालाशी ताडून, बापाच्या बोलण्यातून, मृग कोरडा गेला त्यावरून. आमच्याकडं जुनी माणसं अजून सांगतात, 'बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं, आता धान्य आहे, पाणी नाही.' २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा हेच वाक्य मी कितीदा ऐकलं. प्रत्येक दुष्काळ मागच्या दुष्काळाशी ताडूनच आपला अर्थ मिळवतो. यानं तहान खोटी ठरत नाही. साठ पैशांचा आकडा मात्र शेवटचा शब्द राहत नाही, आणि त्या पोराला नेमकं तेच म्हणायचं होतं. विरचना तोच करत होता, मी फळ्यापुढं नुसता उभा होतो.

हे एवढं हातात असलं की पुढच्या मंडळींचं कुठं चुकलं ते पटापट दिसतं.

फूकोपासून सुरू करू. तो काही 'नंतरचा' नव्हे, समकालीनच, पण चूक तिथून वाहत आली. फूकोनं लिहिलेल्या वेडाच्या इतिहासावर देरिदानं १९६३ मध्ये टीका केली होती. १९७२ मध्ये फूकोनं उत्तर दिलं, त्यात टोमणा असा की ही एक मास्तरकी आहे, जी विद्यार्थ्याला शिकवते की मजकुराबाहेर काही नाही. टोमणा झणझणीत आहे. पण वाक्य बघा, 'ऑर-तेक्स्त' गेलं आणि 'मजकुराबाहेर काही' आलं. फ्रेंच माणसानं फ्रेंचमध्येच केलेलं हे चुकीचं भाषांतर आहे. समाज, सत्ता, तुरुंग, इस्पितळ यांच्याकडं पाहणारे ते फूको आणि पुस्तकात अडकलेला तो देरिदा, ही पुढच्या सगळ्या राजकीय टीकेची सोयीस्कर वाटणी इथून निघाली. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कायदा महाविद्यालयात कायद्याच्या मुळाशी असलेल्या बळावर बोलणारा देरिदा त्या वाटणीत बसत नाही, म्हणून तो वाचायचाच राहतो.

अमेरिकेत झालं ते उलट, तिथं लाड झाले. १९६६ मध्ये बॉल्टिमोरला त्यानं दिलेलं भाषण १९७० मध्ये इंग्रजीत छापलं गेलं तेव्हा 'ज्यू' (jeu, म्हणजे खेळ) या साध्या फ्रेंच शब्दाचं 'फ्रीप्ले' झालं. मुक्त क्रीडा! मराठीतही आपण लगेच 'अर्थाची मुक्त क्रीडा' लिहायला लागलो, माझ्या जुन्या टिपणांत ते चारदा आहे. पण 'ज्यू' म्हणजे खेळ असला तरी यंत्रातली सैलही. गॅरेजवाला म्हणतो ना, 'हँडलला प्ले आलाय', तो प्ले. चाक आणि आस यांच्यात जरा सैल असल्याशिवाय चाक फिरत नाही, आणि ती वाढली तर चाक निखळतं. ही मोजकी सैल आहे. ती रचनेमुळंच मिळते आणि रचनेतच राहते. वाचकाला 'वाट्टेल तो अर्थ काढ' अशी परवानगी त्यात नाही. पूर्ण मुक्त क्रीडा असं काही आपण कधीच मांडलं नाही, हे देरिदाला नंतर बजावून सांगावं लागलं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या चौघा समीक्षकांना, पॉल द मान, हिलिस मिलर, जेफ्री हार्टमन आणि हॅरॉल्ड ब्लूम यांना, एकाच माळेत ओवून लोक 'येल संप्रदाय' म्हणायला लागले. ब्लूमला त्या माळेत बसवणं म्हणजे कीर्तनात तबलजीला बुवा म्हणण्यासारखं आहे, पण ते असो. खरी हानी त्यांच्या पाठ्यपुस्तकी वारसांनी केली. जोडी शोधा, उलटवा, 'अर्थ अनिर्णेय' म्हणा, निबंध संपला. १९८३ मध्ये तोशिहिको इझुत्सू या जपानी अभ्यासकाला लिहिलेल्या पत्रात देरिदा सांगतो की ही पद्धत नाही. पत्र छोटं आहे, वाचाच. त्यात हेही कळतं की जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या एका शब्दाला फ्रेंच प्रतिशब्द शोधताना 'मोडतोड' हा अर्थ टाळायचा म्हणून त्यानं 'डीकन्स्ट्रक्शन' हा शब्द घेतला. म्हणून मला मराठीत 'विखंडन' खटकतं. त्यात खंडन आलं, आणि खंडन-मंडनाच्या आपल्या सवयीत ते 'समोरच्याला पाडलं' असं ऐकू येतं. 'विरचना'त निदान रचना शिल्लक राहते.

जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास आणि अमेरिकी तत्त्वज्ञ रॉर्टी यांच्यावर फार वेळ घालवू नका. १९८५ च्या पुस्तकात हाबरमासनं तक्रार केली की देरिदा तत्त्वज्ञान आणि साहित्य यांतली सीमा पुसतो, आणि त्यासाठी देरिदाऐवजी मुख्यतः जोनाथन कलरचं विरचनेवरचं सुबोध पुस्तक वापरलं. रॉर्टीनं त्याच सीमा पुसण्याबद्दल पाठ थोपटली. एकाची शिवी दुसऱ्याची शाबासकी, पण दोघांची समजूत एकच: इथं तत्त्वज्ञान संपलं आणि ललित सुरू झालं. (२००३ मध्ये इराक युद्धानंतर युरोपबद्दलच्या एका निवेदनावर हाबरमास आणि देरिदा या दोघांची सही आहे. माणसं पुस्तकांपेक्षा लवकर समेट करतात.)

तुमच्या नोट्समधले वास्तववादी मात्र जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. कांतां मेयासू या फ्रेंच तत्त्वज्ञाचं पुस्तक २००६ चं. पुढच्या वर्षी लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये चौघांची बैठक झाली आणि 'स्पेक्युलेटिव्ह रिअॅलिझम' हे नाव रूढ झालं. मेयासूचा मुद्दा ताकदीचा आहे. कांटपासून तत्त्वज्ञान 'जाणीव आणि जग यांचं नातं' एवढंच बोलतं, नुसत्या जगाबद्दल बोलत नाही. मग जाणीवच नव्हती तेव्हाच्या काळाबद्दल विज्ञान जे सांगतं त्याचं काय करायचं? आपल्याकडचं उदाहरण घ्या. वेरूळची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली तो बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. तेव्हा पाहणारा माणूस नव्हता. 'आमच्यासाठी तो तेव्हा होता' असलं उत्तर देणारा तत्त्वज्ञ मेयासूच्या कात्रीत सापडतो, आणि सापडायलाच हवा.

पण पुढं अनुयायी काय करतात? या कात्रीत देरिदालाही घालतात, कारण 'संहिता' म्हणजे भाषा, भाषा म्हणजे माणूस. परत तेच आखूड भाषांतर. १९६७ च्या त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला देरिदा सांगतो की जीवशास्त्रज्ञ आता पेशीतल्या अगदी प्राथमिक घडामोडींबद्दलही 'लेखन' आणि 'प्रोग्रॅम' हे शब्द वापरतात. त्याचं 'लेखन' माणसाच्या जाणिवेवर उभं नाही, जाणीवच त्या खुणांच्या व्यवहारातून येते. आणि कातळाचं वय तरी कसं कळतं? त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्याचं किती विघटन झालं त्या प्रमाणावरून. म्हणजे मागं राहिलेल्या खुणेवरून, जी खूण करणारा क्षण आता हजर नाही. मेयासूचं सगळ्यात भक्कम उदाहरण देरिदाच्या शब्दांत सहज मांडता येतं.

तरी इथं मी पूर्ण देरिदाच्या बाजूनं नाही. पेशीपर्यंत खूण जाते हे ठीक, पण ज्यात जीवच नाही त्या दगडाबद्दल तो मोकळेपणानं बोलत नाही, सूचकपणे बोलून पुढं सरकतो. वास्तववाद्यांनी तिथं बोट ठेवलं असतं तर भांडण कामाचं झालं असतं. त्यांनी बोट ठेवलं ते त्यानं न लिहिलेल्या वाक्यावर. अर्थात देरिदाच्या शैलीलाही दोष द्यायलाच हवा. सरळ सांगता येण्याजोगी गोष्ट तो पाच पानं फिरवतो, मग वाचक थकून हाताला लागेल ते वाक्य धरतो.

आपल्याकडचा गैरसमज आणखी वेगळा, आणि मला सगळ्यात जास्त तोच छळतो. तोंडी परीक्षेत पोरं सांगतात, 'सर, प्रत्येकाचा अर्थ वेगळा, म्हणून कुठलाच चूक नाही.' यावर पैठणला जावं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शेवटी जोडलेल्या ओव्यांत ते म्हणतात, 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध'. हे दोन चरण सावकाश वाचा. ग्रंथ आधीच अतिशुद्ध आहे, तरी तो शुद्ध करावा लागतो. जे मुळात पूर्ण आहे ते तीनशे वर्षांनंतरच्या हातानं पूर्ण होतं. पुरवणीचं सगळं कोडं त्या 'परी'त आहे. आणि एकनाथांची शुद्ध प्रत हाच मूळ ग्रंथ म्हणून महाराष्ट्रानं पाठ केला. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, आणि मूळ कोणतं यावर वाद सुरू झाला.

पण एकनाथ तिथंच थांबत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा, अशी तंबी ते देतात. पाठ सैल आहे हे ज्याला सगळ्यात जास्त माहीत, तोच कुंपणही घालतो. देरिदाच्या 'त्या' वाक्याच्या जरासं आधी हेच आहे. पारंपरिक टीका, भाषेचं ज्ञान, मजकुराचा सर्वमान्य अर्थ यांची शिस्त पाळली नाही तर वाचन कुठंही भरकटेल आणि काहीही म्हणायची मुभा स्वतःलाच देईल, असं तो स्पष्ट लिहितो. या शिस्तीला तो कठडा म्हणतो. पुढं लगेच म्हणतो की कठड्यानं वाचन राखलं, उघडलं मात्र कधी नाही. दोन्ही वाक्यं एकत्र घ्यावी लागतात. 'काहीही चालतं' म्हणणारे दुसरंच तेवढं ऐकतात, आणि विरोधक त्यांचं ऐकून देरिदाला झोडपतात.

इथं मला दुसऱ्या टोकाचीही धास्ती वाटते. एकनाथ सांगितले की पुढच्या सेमिनारला कुणीतरी 'विरचना आपल्याकडं आधीच होती' हा पेपर वाचतं. नव्हती. एकनाथांना मूळ ग्रंथाच्या अतिशुद्धतेबद्दल तिळमात्र शंका नव्हती, देरिदाला त्या श्रद्धेचीच तपासणी करायची होती. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या शून्यतेशी (कशालाच स्वतःचं स्वतंत्र सत्त्व नाही, या विचाराशी) घाईनं जोडी लावणाऱ्यांनाही हेच सांगतो, आणि वर हेही, की ज्यांनी शून्यतेलाच एक मत करून टाकलं ते असाध्य आहेत, असं नागार्जुन स्वतः म्हणून गेलाय.

तुम्हाला परीक्षेपुरतं हवं असेल तर स्पिवाक यांच्या भाषांतरातला 'एक्झॉर्बिटंट' हा पद्धतीविषयीचा भाग काढा. आठ-दहा पानं आहेत. आधी कठड्याचा परिच्छेद, मग ते वाक्य, मग कंस. मेयासूचं पहिलं प्रकरण त्यानंतर. उलट क्रमानं गेलात तर तुमच्या नोट्ससारखंच होईल.

फळ्यावर मी आता काय लिहितो, असंही कुणी विचारेल. गेली काही वर्षं 'संहितेला बाहेरचं पान नसतं' असं लिहितो. 'पान' म्हटलं की पोरं पुन्हा पुस्तकातच शिरतात, म्हणून मध्ये 'बाहेरचा साक्षीदार नसतो' करून पाहिलं, तर एलएलबीला असलेल्या एका मुलीनं कोर्टातले साक्षीदार बाहेरूनच येतात म्हणून हरकत घेतली. तिचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळं सध्या परत पानावर आलोय.